उपाशीपोटी चहा

मी किराणा घ्यायला निघाले की आमच्या घरातलं कोणी सोबत येत नाही. मुलगी तर तोंडावर सांगते, "आई, तू जा, मी गाडीतच बसते." कारण मी पाकीट उचलते, उलटं करते आणि भांडायला लागते. दुकानदाराशी नाही हो, पाकिटाशी. बिस्किटावर हृदयाचं चित्र. काहून? तेलाच्या डब्यावर पळणारा माणूस. तेल पिऊन पळतो का तो? सरबताच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात 'प्रतिकारशक्ती', आणि मागे मुंगीच्या अक्षरात घटक वाचावेत तर पहिलाच साखर. मग माझं डोकं सणकतं. मागे उभ्या असलेल्या बाईलाही मी उगाच सांगून टाकते, "नका घेऊ हो, काही नाही त्याच्यात." ती बाई माझ्याकडे बघते आणि हमखास तीच बाटली टोपलीत टाकते.

माझी रोजीरोटी याच्यावरच आहे. नागपुरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी खाण्याच्या पाकिटांवरचे दावे तपासते. नियम तसे सरळ आहेत. खाऊन आजार बरा होतो, असं खाण्याच्या पाकिटावर लिहायचंच नाही. अमुक घटक भरपूर आहे असं लिहायचं असेल, तर तो तेवढा मोजून दाखवायचा. आणि हे खाल्ल्यानं शरीरात अमुक फरक पडतो असं म्हणायचं असेल, तर माणसांवर तपासून पुरावा द्यायचा. सगळे या तिसऱ्याशी येऊन अडतात. मग कोणी चिडतं, कोणी हात जोडतं, कोणी म्हणतं, मॅडम, आमच्या आजोबांपासून लोक हेच खाऊन धडधाकट आहेत. मी म्हणते, आजोबांचे रिपोर्ट आणा. असं बोलते म्हणून माझं कोणाशी फारसं पटत नाही.

तर एवढी तोंडाळ मी, आणि माझ्याकडे एक दिवस माझी सख्खी बहीणच पाकीट घेऊन आली.

ताईची कामठीला पिठाची चक्की आहे. भाऊजींचे हातमाग बंद पडले तेव्हापासून घर त्या चक्कीवर चाललं. पहाटेपासून पट्टा फिरायचा, ताईच्या भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, आणि बोलणं सगळं ओरडून, कारण चक्कीत हळू बोललेलं ऐकूच येत नाही. आता चक्की बंद असली तरी ती ओरडूनच बोलते. भाऊजींना बरीच वर्षं साखरेचा त्रास. त्यांच्यासाठी म्हणून तिनं ज्वारीत जवस, मेथी आणि थोडं सातू घालून एक पीठ बसवलं. जवसानं भाकरी मऊ राहते, मेथीचा कडवटपणा सातूत मुरतो. मी स्वतः खाल्ली आहे. ठेच्यासोबत ती भाकरी मिळाली तर मी भांडण विसरते.

शेजारपाजारचे मागून न्यायला लागले. मग पाकीट आलं, पाकिटावर ताईनं निवडलेला रंग आला. शहरात चार-पाच ठिकाणी मोठी दुकानं असलेल्या एका किराणावाल्यानं नमुना घेतला आणि निरोप दिला: माल चांगला आहे, पण असली पिठं ढीगभर येतात, तुमच्यात वेगळं काय ते पाकिटावर लिहून आणा. पुराव्यासकट आणा, नाहीतर उद्या आमच्यावर कारवाई व्हायची.

ताईनं काय लिहायचं ते ठरवूनच ठेवलं होतं. एकच ओळ. 'रक्तातली साखर हळू वाढवते.'

"हे नाही लिहिता येत," मी म्हटलं.

"काहून?"

"पुरावा पाहिजे, ताई."

"पुरावा हा काय इथं बसून राहिला!" तिनं भाऊजींकडे हात केला. "विचार ह्याईले."

भाऊजी खाटेवर पेपर वाचत होते. "खरं आहे वं," ते म्हणाले. "पोट हलकं राहते."

"पोटाचं नाही विचारून राहिली भाऊजी, साखरेचं विचारून राहिली."

"साखरेचं ते मशीन सांगते. मी कायले मंधात तोंड घालू?"

ताई माझ्याजवळ येऊन बसली. ओरडायचं थांबवून ती हळू बोलायला लागली की मला भीती वाटते. "हे पाह्य," ती म्हणाली, "जन्मभर मी दुसऱ्याचं दळून राहिली. डबा दुसऱ्याचा, गहू दुसऱ्याचा. एक पाकीट तं असू दे माझं, ज्याच्यावर लोक म्हणतीन हे तिनं केलं. तुले येते नं तपासता? मंग तपास."

तपासू म्हटलं.

सख्खी बहीण आहे हे प्रयोगशाळेच्या साहेबांना मी आधीच लिहून दिलं. म्हणून रक्त घेणं, आकडे टिपणं, हिशेब लावणं दुसऱ्यांकडे गेलं; डॉक्टर बसवले, परवानग्या घेतल्या. माझ्याकडे राहिली माणसं गोळा करायची आणि भाकऱ्यांवर लक्ष ठेवायचं. माणसं ताईच्याच गल्लीतली. साखरेचा त्रास नसलेली, धडधाकट, आणि बोट टोचून घ्यायला राजी. तशी मिळणं सोपं नसतं, पण ताईचं वजनच असं की सगळे तयार झाले. त्यात शेजारच्या मामी सगळ्यांत पुढं. मामी म्हणजे कोणाचीच मामी नव्हे, गल्लीची मामी. सकाळी उठल्यापासून त्यांचं तोंड चालू असतं आणि ते ऐकायला मजा येते.

तपासणीची रीत अशी. माणसानं रात्री जेवायचं, मग सकाळपर्यंत काही नाही. काही दिवस त्यांना ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि थोड्या थोड्या वेळानं बोटातून थेंब घेऊन साखर कशी चढते-उतरते ते पाहायचं. काही दिवस त्याच्या जागी भाकरी. मग दोन्ही चढण्या शेजारी ठेवायच्या. भाकरीची चढण ग्लुकोजपेक्षा पुरेशी बुटकी निघाली, तर ताईची ओळ खरी. ग्लुकोजचे दिवस आमच्या प्रयोगशाळेत झाले. भाकरीचे दिवस ताईच्या घरी ठेवले, कारण भाकरी एकाच हातची, तव्यावरून उतरलेली पाहिजे, आणि ताई तिचा तवा सोडून कुठं जायला तयार नव्हती. मलाही ते पटलं. डब्यात कोंबून गार झालेल्या भाकरीवर कोणाची साखर मोजायची!

त्या थंडीत मी पहाटे स्कूटर काढून कामठी रोडला लागायची. हातमोज्यांतूनही बोटं बधिर व्हायची. पोचेपर्यंत सगळे ताईच्या पुढच्या खोलीत शाली गुंडाळून बसलेले असायचे, गप्पा रंगलेल्या, चेहरे टवटवीत. घरात अद्रकाचा वास. पण ताईच्या घराला तो वास कायमचाच. मी लहान असते तर मला वाटलं असतं भिंती अद्रकानं सारवल्या आहेत. रक्त घेणाऱ्या तपासनीस बाई एकेकाला विचारायच्या, सकाळपासून काही खाल्लं का? सगळे म्हणायचे, नाही बाप्पा. आणि ते खरंच सांगत होते.

निकाल आला. अगदी छान आला. भाकरीची चढण एवढी बुटकी की साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, तुमच्या बहिणीनं तर कमाल केली." मी ताईला फोन केला. पलीकडून नुसता चक्कीचा आवाज. मग पट्टा थांबल्याचं ऐकू आलं. चालू दळणात ताईनं चक्की बंद केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. "पुन्हा सांग," ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. आणि माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

पण त्या रात्रीपासून मला चैन पडेना. जवस असो की मेथी, ज्वारी शेवटी ज्वारीच. इतकी बुटकी चढण? कागद पुन्हा काढून बसले. एक गोष्ट डोळ्यात कुसळासारखी खुपत होती. भाकरीच्या दिवशी प्रत्येकाचा पहिलाच आकडा, म्हणजे घास खाण्याच्या आधीचा, थोडा वरचा होता. फार नाही. एखाद्याचा असता तर मी सोडून दिलं असतं, सगळ्यांचा कसा? तपासनीस बाईंना विचारलं, मशीन बरोबर होतं. साहेबांना विचारलं, ते म्हणाले, थंडीचं असेल. थंडीनं कुठं साखर वाढते अशी सगळ्यांची एकदम? बरं, थंडी ग्लुकोजच्या दिवशीही होतीच. भाजी फोडणीला टाकून मी कागद बघायला जायची आणि भाजी करपायची. नवरा म्हणाला, "अवं, चांगलं झालं तं झालं. सुखानं जगू दे नं स्वतःले." ते मला कधी जमलंय?

तिकडे ताईनं गल्लीला जेवायला बोलावलं. तपासणीला आलेले सगळे. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा आणि तिच्या पिठाच्या भाकरी. नागपूरच्या लकडगंजातल्या पाकीटवाल्यानं नवा नमुना करून पाठवला होता, तो तिनं भिंतीतल्या देवळीत गणपतीशेजारी उभा करून ठेवला होता. पाकिटावर ती ओळ, लाल अक्षरात. येणारा प्रत्येक जण चपला काढून आधी ती ओळ वाचत होता, मग ताईकडे पाहत होता. ताईनं नवं लुगडं नेसलं होतं. पापण्यांवर पीठ नसलेली ताई मी फार दिवसांनी पाहिली.

पंगतीत मी भाऊजींच्या शेजारी बसले. त्यांनी तिसरी भाकरी मागितली तेव्हा मला वाटलं, आज आनंदाचा दिवस आहे, जाऊ दे. मग त्यांनी चौथी मागितली.

"भाऊजी, सांभाळून."

"आता काय भेव वं? आपल्या भाकरीनं साखर चढतच नाही. तूच तं काढलं शोधून."

"हळू चढते म्हटलं होतं. आणि मशीन काय म्हणते?"

"मशीनचा सेल संपला." त्यांनी रश्श्यात भाकरी चुरली. "आणलाच नाही नवा. कायले पाहिजे आता?"

माझा घास तसाच हातात राहिला. एका ओळीनं या माणसाला काय करून ठेवलं होतं! अजून तर पाकीट दुकानात गेलंही नव्हतं.

जेवणं झाल्यावर ताई चहाचा ट्रे घेऊन आली. कप फिरले. मामींनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काय वं, आज अद्रक कमी पडला का? त्या दिवसायसारखा नाही झाला."

"कोणत्या दिवसायसारखा, मामी?" मी विचारलं.

"अवं, तपासणीच्या. तू पोचाच्या आंधी नाही का देत होती तुही बहीण, कडक? थंडीचं आम्ही त्याच्यावरच तं तग धरला. तुमच्या त्या नागपूरच्या हापिसात नुसतं पाणी. मेल्याहो, माणसाले कोणी असं बोलावते का?"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. मग कप ठेवला, बाहेर गेले, आणि बंद चक्कीभोवती नुसत्या फेऱ्या मारत राहिले. आत पंगतीतल्या गप्पा ऐकू येत होत्या. पायांना थांबायचंच नव्हतं.

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ताई भांडी आवरत होती.

"ताई, मी सांगितलं होतं नं, सगळे उपाशी पाहिजेत?"

"उपाशीच होते. घासभर देल्ला नाही मी कोणाले."

"चहा देल्ला."

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. "चहा? चहा म्हणजे काय खाणं हाये का?"

"साखर असते त्याच्यात!"

"असते. मंग काय मीठ टाकू चहात?"

मी तिला समजावलं. म्हटलं, बघ, जिना चढायचाय. ग्लुकोजच्या दिवशी सगळे अंगणातून चढले. तुझ्या घरी मात्र चहानं त्यांना आधीच चार पायऱ्या वर नेऊन ठेवलं होतं. तिथून भाकरी किती चढली ते आपण मोजलं. म्हणून चढण बुटकी दिसली. भाकरी बुटकी नव्हती, ताई.

तिला कळलं. फार लवकर कळलं, पीठ बोटांत घेऊन किती बारीक झालं हे कळतं तसं. पण मान्य करायचं नव्हतं. "कपभर चहानं?"

"कपभर चहानं. तू साखर काही कमी टाकत नाहीस."

"तं मी काय करू वं?" तिचा आवाज चढला. "दारात आलेल्या माणसाले कोरडं बसवू? काकडत आले बिचारे, बोटाले सुया टोचून घ्यायले. कोणासाठी? माह्यासाठी! माह्या घरून कोणी बिनचहाचं गेलं का आजपर्यंत? वैरी आला तरी मी पहिले आधण ठेवते अन् मंग भांडते."

हे अगदी खरं होतं. आणि चूक माझीही नव्हती का? प्रयोगशाळेत पाण्याची बाटली मी हातानं देत होते, आणि ताईच्या घरी कोणी चहा घेतला का हे विचारायचं मला सुचलं नाही. ताई आणि मी एकाच घरात वाढलो. आमच्या घरात चहा मोजायची गोष्टच नव्हती. पाणी जसं मोजत नाही तसा.

ताई पाटावर बसली. पुन्हा तो हळू आवाज. "कोणाले माहीत हाये? तुले, मले अन् मामीले. मामी तं घरी जाईपर्यंत विसरून बी गेली असन. तू नको बोलू नं काही."

आणि खरं सांगते, क्षणभर मला तेच करावंसं वाटलं. देवळीत ते पाकीट उभं होतं. पीठ वाईट थोडंच होतं? विषारी थोडंच होतं? बाजारात याच्याहून भयंकर थापा सुखानं विकल्या जातात आणि मी तिथं नुसती बडबड करून घरी येते. माझ्या बहिणीच्याच एका ओळीवर येऊन का माझी नीतिमत्ता जागी व्हावी?

"भाऊजींनी आज चार भाकरी खाल्ल्या," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "मोजल्या तू?" ती म्हणाली. "माह्या घरी बसून, पंगतीत, ताटातल्या भाकरी मोजल्या?"

"त्यांनी मशीनचा सेलसुद्धा आणला नाही, ताई. तुझ्या ओळीवर विश्वास ठेवला त्यांनी. उद्या असे किती जण ठेवतील?"

ती उठली. भांडी धुतलेली होती तीच पुन्हा घासायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "पुन्हा तपास. बिनचहाचं तपास. माही भाकरी काही चहाच्या कुबड्यांवर उभी नाही."

साहेब वैतागले. आधीचा निकाल रद्द करा म्हटल्यावर कोण खूश होणार? "मॅडम, चहाचं कोण विचारणार आहे तुम्हाला?" मी म्हटलं, मीच विचारणार आहे. मग त्यांनी सही करून टाकली, कारण मी विचारायला लागले की थांबत नाही हे त्यांना माहीत आहे.

यावेळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. ताईची शेगडी थंड होती. घराला वास नव्हता. मला तेव्हा कळलं की त्या घरात अद्रकाच्या वासाशिवाय मी आजवर कधी पाऊलच ठेवलं नव्हतं. सगळे येत गेले. मामी शाल सावरत नेहमीच्या खुर्चीत बसल्या आणि सवयीनं आतल्या दाराकडे बघायला लागल्या.

ताई दारात उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. हात मोकळे असते तर ते आपोआप पातेल्याकडे गेले असते. "मामी," ती म्हणाली, "आज चहा नाही बाप्पा. बहिणीचा हुकूम हाये." आणि हसली. तसं हसण्यापेक्षा तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक बसून होते, नुसते. गप्पा जमेनात. ताई आत गेली आणि मांडणीवरचे स्वच्छ कप काढून धुवायला लागली. एकेक कप धुवायचा, पुसायचा, पुन्हा जागेवर. मी पुढच्या खोलीत उभी राहू शकत नव्हते आणि आत जाण्याची हिंमत नव्हती. अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. मग भाकऱ्या थापायचा आवाज आला. परातीवर एवढ्या जोरानं थापलेली भाकरी मी कधी ऐकली नव्हती.

असे सगळे दिवस पार पडले. यावेळी पहिला आकडा सगळ्यांचा खालीच होता, जसा असायला पाहिजे तसा. आणि भाकरी चढली. ज्वारीची भाकरी चढते तशी. थोडी बरी म्हणता आली असती, पण 'थोडी बरी' पाकिटावर लिहिता येत नाही, तेवढ्यानं दावा उभा राहत नाही. मी कागद पुन्हा पुन्हा पाहिले. आधी चांगल्या निकालात चूक शोधत होते, आता वाईट निकालात शोधत होते. यावेळी सापडली नाही.

फोनवर सांगायचं नाही असं ठरवून मी भर उन्हात कामठीला गेले. तोंडाला रुमाल बांधला होता तरी डोळे चुरचुरत होते. ताई चक्कीवर होती. मला बघून तिनं पट्टा थांबवला नाही. दळण पूर्ण केलं, डबा गिऱ्हाइकाला दिला, मग घरात आली. भाऊजी खाटेवर होते. उशाशी मशीन होतं, त्यात नवा सेल घातलेला. ते पाहून मला जरा धीर आला.

मी सांगितलं. सरळ सांगितलं, घोळ न घालता.

"म्हणजे काहीच नाही?" ताई म्हणाली.

"आहे नं! तंतू भरपूर आहेत, मोजून दाखवलेत. तंतुमय पदार्थ भरपूर, असं लिहिता येते. ते खरं आहे, ताई, नियमात बसते. भाकरी मऊ होते, तेही लिही. पीठ खरंच चांगलं..."

"तंतू कोण विकत घेते?"

साखरेची भीती विकली जाते, हृदय विकलं जातं, पळणारा माणूस विकला जातो. तंतू खरंच कोण विकत घेतं?

ताई देवळीपाशी गेली. तिनं पाकीट उचललं, पदरानं त्यावरची धूळ पुसली. मग कोनाड्यातला फोन घेऊन पाकीटवाल्याला लावला. पंख्याच्या आवाजावर ती ओरडून बोलली, चक्कीत बोलते तशी. "हो, मीच. ती लाल ओळ काढून टाक. हो, पुरी. त्याच्या जागी? काही नको. कोरं ठेव." तिकडून तो का म्हणून विचारत होता. "नाही ठरलं खरं तं नाही ठरलं! माहा माल, माही मर्जी." फोन ठेवला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या मानेवर, केसांच्या खाली पीठ होतं, घामानं तिथं चिकटलेलं. मला उठून ते पुसावंसं वाटलं. उठले नाही.

भाऊजींनी पेपर बाजूला ठेवला. "अवं," ते म्हणाले, "लहानी उन्हातान्हाची येऊन राहिली. आधण तं ठेव."

"तिले नको." ताई वळलीसुद्धा नाही. "तिले चहा चालत नाही. तिचे आकडे बिघडतात."

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले, मग पेपरकडे. मी पर्स उचलली. येते ताई, म्हटलं. चपला घातल्या.

फाटकाशी मामी भेटल्या, हातात दळणाचा डबा. "आलीस का वं? काय झालं मंग आमच्या भाकरीचं?" मी मान हलवली, काय हलवली कोणास ठाऊक. त्या आत गेल्या. मी स्कूटरला किल्ली लावली, रुमाल बांधला.

आतून ताईचा आवाज आला, तोच मोठा, मोकळा आवाज. "या मामी, बसा. चहा ठेवते."

शेगडी पेटल्याचा आवाज झाला. मी किल्ली तशीच धरून उन्हात उभी राहिले. थोड्या वेळानं अद्रकाचा वास फाटकापर्यंत आला, मग मी निघाले.